वेदोवा उंदीर खात नाही

चाळीस वर्षांत एकाही सापाने आपल्या हातचं जेवण नाकारलेलं नाही, ही गोष्ट नेरिडा पास्को भेटेल त्याला ऐकवायची. ऑस्ट्रेलियातल्या चार्टर्स टॉवर्ससारख्या गावात भेटणारी माणसं तीच ती, त्यामुळे बहुतेकांनी ती तीन-तीनदा ऐकली होती. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ही बाई. कुणाच्या खुराड्यात अजगर शिरला, कुणाच्या छपरात काही सरपटलं, की पोलिसांच्या आधी तिला फोन जायचा. घरी तिने आयुष्यभर गालिचे पाळले. अंगावर गालिच्यासारखी नक्षी, म्हणून या अजगरांना इथे सगळे गालिचेच म्हणतात. बोटाएवढ्या पिल्लांपासून मांडीएवढ्या माद्यांपर्यंत सगळ्यांना तिने उंदीर खायला लावला होता. आणि आता बहात्तराव्या वर्षी एका म्हाताऱ्या मादीने तिला सात महिने झुलवत ठेवलं होतं. गर्वाचं घर खाली म्हणतात ते काही उगाच नाही.

ही मादी गालिचा नव्हती. आठ फूट लांब, अंगावर मधाच्या आणि विटेच्या रंगाचे पट्टे, आणि डोकं न् मान मात्र काळीकुळकुळीत, दौतीत बुडवून काढल्यासारखी. शेजारच्या एत्तोरे झांकेट्टाने तिला एकोणीस वर्षं पाळलं होतं. एत्तोरेची आई नवरा गेल्यापासून शेवटपर्यंत डोक्याला काळा रुमाल बांधायची, म्हणून त्याने हिचं नाव ठेवलं वेदोवा. त्याच्या इटालियन भाषेत वेदोवा म्हणजे विधवा. "तोंडावर भावही आईचाच आहे," तो म्हणायचा. "मी काहीही केलं तरी पसंत नाही."

त्याच्या आणि नेरिडाच्या घरामध्ये एक आंब्याचं झाड आणि तीस वर्षांचं भांडण होतं. भांडण सापांवरूनच. नेरिडाचं म्हणणं, साप पाळायचा तर शिस्तीत पाळावा. फ्रीजरमधला उंदीर, दर पंधरवड्याला, ठरल्या वेळी. एत्तोरेचं म्हणणं, साप हा घरी आलेला पाहुणा आहे, त्याला आवडेल ते वाढावं. आणि वेदोवाला आवडायचे सरडे. रानात तिच्या जातीचं अन्नच ते. सरडे, घोरपडी, दुसरे साप, अगदी विषारीसुद्धा. म्हणून एत्तोरे पहाटे गाडी काढून ह्यूएंडेनच्या रस्त्याला लागायचा आणि रात्रीच्या ट्रकांखाली आलेले सरडे पावाच्या पिशवीत भरून आणायचा. कायद्याने तेही चालत नाही. इथे मेलेला सरडासुद्धा सरकारचा असतो.

"लाडावून ठेवलंयस तिला, म्हाताऱ्या," नेरिडा झाडापलीकडून ओरडायची. "तू गेलास की उपाशी मरेल ती."

"मी जाणारच नाहीये," एत्तोरे म्हणायचा. "तुला एवढा आवडतो तर उंदीर तू खा."

गेल्या ऑक्टोबरात एका ट्रकवाल्याला तो रस्त्याच्या कडेला पडलेला सापडला. हातात पावाची पिशवी, पिशवीत गळ्याला झालर असलेला एक सरडा. मेंदूत रक्त साकळलं होतं. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि भाषा गेली. साठ वर्षं वापरलेली इंग्रजी पाटीवरून पुसावी तशी पुसली गेली. उरले आईच्या भाषेतले चार शब्द, हो, नाही, खाल्लं, आणि एक शिवी. गावातल्या वृद्धाश्रमात त्याला खोली मिळाली. वेदोवाची काचेची पेटी नेरिडाने आंब्याखालून ढकलत ढकलत आपल्या पडवीत आणली. "तू घरी येईपर्यंतच," तिने त्याला बजावलं. "तुझी ही आई मी कायमची ठेवून घेणार नाही, सांगून ठेवते."

अधू डोळ्यांपायी नेरिडाचा गाडीचा परवाना दोन वर्षांपूर्वीच गेला होता, तेव्हा पहाटेचे सरडे गोळा करायला जाण्याचा प्रश्नच नव्हता. वेदोवाने उंदीर खायला शिकायचं, नाहीतर मरायचं. नेरिडाला त्याची काळजी वाटली नाही. तिच्याकडे चाळीस वर्षांच्या युक्त्या होत्या.

पहिल्या महिन्यात तिने मोठा उंदीर दिला, मग लहान दिला, मग पांढरा सोडून करडा दिला. दर वेळी तिची जुनी पद्धत तीच. उंदीर कोमट पाण्यात वितळवायचा, मग हेअर ड्रायरने चांगला ऊन करायचा, मग लांब चिमट्यात धरून जिवंत असल्यासारखा नाचवायचा. गालिचे यावर झडप घालत. वेदोवा मात्र काळं डोकं फिरवून पेटीतल्या बिळात निघून जाई. नेरिडाने कोंबडीचं पिल्लू दिलं, लाव्हा पक्षी दिला, पेटीवर चादर टाकून अंधार केला. सरड्याचा वासही लावून पाहिला. तिच्याकडे बिशप नावाचा निळ्या जिभेचा पाळलेला सरडा होता. त्याची ओली कात उंदरावर चोळून, ड्रायरने खरपूस गरम करून तिने तो नाचवला. वेदोवाने एकदा जीभ बाहेर काढली आणि पाठ फिरवली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हे खरं, पण ही खोडीसकट मरायला निघाली होती.

दर रविवारी म्हाताऱ्यांची मिनीबस नेरिडाला वृद्धाश्रमात सोडायची. एत्तोरे खिडकीशी खुर्चीत बसलेला असे. ती दारात दिसली की डावा हात वर करून विचारायचा, "खाल्लं?"

पहिल्या रविवारी ती म्हणाली, "खाल्लं." आजारी माणसाला काय सांगायचं, पुढच्या आठवड्यात खाईलच, असा विचार करून म्हणाली. मग पुढच्या रविवारी तेच म्हणावं लागलं. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण नेरिडाचं खोटं अठ्ठावीस रविवार चालत गेलं.

"मावशी, तुम्ही काय सांगता हो त्यांना?" वासिती एकदा चहा घेऊन येता येता म्हणाली. ती तिथली फिजीकडची परिचारिका, धिप्पाड, हसरी, सापाचं नाव काढलं तरी पाय वर घेणारी. "तुम्ही येऊन गेलात की त्या दिवशी आजोबा ताट चाटूनपुसून खातात. इतर दिवशी मी चमचा घेऊन मागे लागते."

हे ऐकल्यावर तर खरं सांगणं आणखीच कठीण झालं.

मे महिन्यात तिने वेदोवाला उशीच्या अभ्र्यात घालून काट्यावर टांगलं. ऑक्टोबरात पाच किलो होती, आता सव्वातीन. पाठीचा कणा कातडीखालून हाताला लागायला लागला होता. टाउन्सव्हिलहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरणीने तिला तपासलं आणि सरळ सांगितलं की रोग काही नाही, पण जूनची थंडी पडायच्या आत पोटात काही गेलं नाही तर ही ऑगस्ट पाहणार नाही. नळीने घालता येईल, पण या वयात तो ताण सोसेल याची खात्री नाही.

त्या रविवारी एत्तोरेने हात वर केला. "खाल्लं?"

नेरिडा त्याच्यासमोर बसली. "नाही," ती म्हणाली. "नाही खाल्लं. आज नाही आणि कधीच नाही. सात महिने मी तुझ्या तोंडावर खोटं बोलतेय. मरायला टेकलीय ती, एत्तोरे, आणि मला काही जमत नाहीये."

एत्तोरेने तिला ती उरलेली एक शिवी दिली. चांगली खणखणीत दिली, बाहेरून वासितीने डोकावून पाहिलं. बराच वेळ त्याचा डावा हात मांडीवर नुसता उघडझाप करत होता. मग त्याने नेरिडाचं बोट धरलं आणि आपल्या वरच्या ओठावर टेकवलं, एकदा, दोनदा, तीनदा, ओठाच्या कडेकडेने.

"नाही," तो म्हणाला. "नाही, नाही."

"काय नाही? दुखतंय का?"

त्याने समोरचा वाफाळता चहा हाताच्या मागच्या बाजूने दूर सारला. "नाही."

"गार करून द्या त्यांना," नेरिडा वासितीला म्हणाली. "पोळलंय बहुतेक." एत्तोरेने डोळे मिटून घेतले. मूर्ख माणसासमोर हुशार माणूस मिटतो तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडवीत बसली होती. आठच्या सुमाराला ऊन पेटीवर येतं, तेव्हा वेदोवा रोज एक गोष्ट करायची. बिळातून फक्त डोकं बाहेर काढायची. काळं डोकं उन्हात आणि आठ फूट अंग अंधारात. काळा रंग ऊन पिऊन घेतो. ससाण्याला दिसेल असं अंग बाहेर न काढता ती आधी नुसता मेंदू तापवून घ्यायची, मग दिवस सुरू करायची. नेरिडा सात महिने ते पाहत होती आणि रोज पहिल्यांदा पाहिल्यासारखी थबकत होती. हे हिला कुणी शिकवलं?

त्या सकाळी डोकं काचेला अगदी लागून होतं आणि ऊन तिरपं पडलं होतं. नेरिडाने चष्मा पुसून पाहिलं. ओठ गुळगुळीत होता. काळा, चकचकीत, एका रेषेचा.

ती उठून आतल्या खोलीत गेली. उरलेल्या दोन गालिच्यांपैकी एकाचं तोंड तिने उचलून पाहिलं. त्याच्या ओठाच्या कडेने खळग्यांची रांग होती, सुईने टोचल्यासारखी. गालिच्यांना या खळग्यांनी ऊब कळते. मिट्ट काळोखात उंदराच्या अंगची ऊब त्यांना दिसते म्हणा ना. म्हणून तर त्यांचा उंदीर गरम करायचा. वेदोवाच्या जातीला हे खळगे नसतात. ज्याचं अन्नच थंड रक्ताचं, त्याला ऊब शोधून करायचंय काय? हे नेरिडाने पुस्तकात दहादा वाचलं होतं. डोक्याला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. हात चाळीस वर्षं हेअर ड्रायर धरत आला होता. आणि एत्तोरेने पहाटे उचललेले ते सरडे, ते तर दगडासारखे गार असायचे. सात महिने ती सरड्याचा वास लावून वर तो भाजून उडवत होती, आणि गरम, नाचणारी, अनोळखी वस्तू म्हातारीच्या तोंडापुढे धरत होती.

"गाढव आहेस, नेरिडा पास्को," ती मोठ्याने म्हणाली.

बिशप ज्या खोळीत झोपायचा ती खोळ तिने काढून घेतली. बिशपने निळी जीभ काढून निषेध केला, पण त्याचं कोण ऐकतंय. खोळीत एक मध्यम उंदीर गुंडाळून तिने रात्रभर खालच्या फ्रीजमध्ये ठेवला, लोण्याच्या डब्याशेजारी. मंगळवारी दुपारी कलती उन्हं होती तेव्हा तो तिने बाहेर काढला. गरम केला नाही. चिमट्यात धरला नाही. रस्त्यावर मेलेला सरडा काही कुणासाठी नाचत नाही. पेटीतल्या सपाट दगडावर तिने तो उपडा ठेवला, दार लावलं आणि चार हात मागे जाऊन जमिनीवर बसली. गुडघ्यांनी तक्रार केली.

अर्धा तास काही झालं नाही. छपराचा पत्रा थंड होत टकटक वाजत होता. आंब्यावर लोरी पोपटांचा कलकलाट चालला होता. मग बिळाच्या तोंडाशी काळं डोकं आलं. जीभ बाहेर आली, हवेत थांबली, आत गेली. पुन्हा आली. नेरिडाने श्वास रोखला, जणू तिच्या श्वासाने हवेतला तो वास विस्कटला असता.

वेदोवा बाहेर आली. ती घाईत नव्हती. एकेक पट्टा बिळातून उलगडत गेला. जीभ आता दगडाला, वाळूला, हवेला, सगळ्याला विचारत होती. उंदरापाशी येऊन ती थांबली. त्याच्या शेपटीपासून नाकापर्यंत तिने जीभ फिरवली, मग नाकापासून शेपटीपर्यंत. आकार उंदराचा, केस उंदराचे, वास सरड्याचा. म्हातारी विचार करत होती. साप विचार करतात का, हे नेरिडाला कुणी विचारलं असतं तर ती हसली असती. त्या दुपारी ती हसली नसती.

वेदोवाने डोकं फिरवलं. आणि मग, जवळजवळ सहज, वेदोवाने डोकं परत आणलं आणि तोंड उघडलं.

झडप नव्हती. एकोणीस वर्षं पानावर वाढलेलं जेवलेली बाई जशी जेवेल तशी ती जेवली. उंदराचं नाक तोंडात घेतलं. डावा जबडा पुढे सरकला, थांबला, मग उजवा सरकला, मग डावा. ज्या डोक्यात काड्यापेटी मावली नसती त्यात एक अख्खा उंदीर चालत गेला. काळी खवलं ताणून त्यांच्यामधली फिकट कातडी दिसायला लागली, आणि कुठेही काही फाटलं नाही, दुखलं नाही. हात नाहीत, पाय नाहीत, दाढा नाहीत, एक तोंड आहे आणि धीर आहे. एवढ्या भांडवलावर ही जात कोट्यवधी वर्षं पृथ्वीवर राहिली आहे. नेरिडाने हे हजार वेळा पाहिलं होतं, पण ते पाहताना आपण वाढणारे आणि तो खाणारा, असंच तिला वाटत आलं होतं. आज पहिल्यांदा तिला कळलं की आपण नुसतं बघायला बसलो आहोत, देवळात बसावं तसं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही.

शेपटीचं टोक आत गेलं. वेदोवाने मोठी जांभई दिली, जबडा जागेवर बसवला, आणि मधोमध एक फुगवटा घेऊन बिळात निघून गेली.

जेवल्यावर आठवडाभर सापाला हात लावायचा नसतो. लावला तर ओकून टाकतो. म्हणजे पेटी उघडून कुणाला दाखवायची सोय नव्हती. पुढच्या रविवारी एत्तोरेने हात वर केला आणि नेरिडा दारातूनच म्हणाली, "खाल्लं."

तो तिच्याकडे बघत राहिला. "नाही," तो म्हणाला.

"अरे खरंच खाल्लं. गार दिला, तू सांगितलंस तसा."

"नाही." आणि शिवी. चूक त्याची नव्हती. अठ्ठावीस रविवार हाच शब्द, याच तोंडाने, याच दारातून आला होता. नेरिडाजवळ दुसरा शब्द नव्हता. ती मान खाली घालून चहा पिऊन परत आली.

त्यानंतर दहाव्या दिवशी वेदोवाने शी केली. सापवाल्यांच्या घरात यासारखा आनंद नाही, हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. नेरिडाने ती आइसक्रीमच्या डब्यात भरली, झाकण घट्ट लावलं आणि रविवारी मिनीबसमध्ये मांडीवर घेऊन बसली.

"काय आणलंत, मावशी? केक?" वासितीने विचारलं.

"उघडू नकोस, पोरी."

वासितीने उघडला. मग ती बराच वेळ खोलीत आली नाही.

एत्तोरेने डबा मांडीवर घेतला. डाव्या हाताच्या नखाने त्याने ती कोरडी गुठळी फोडली. आत उंदराचे केस होते, पांढरे, दाट, एकावर एक दाबून बसलेले. सरड्याचं एकही खवलं नाही. त्याने एक झुबका चिमटीत धरून उजेडात पाहिला. मग डबा बाजूला ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

नेरिडा जिंकल्याचं हसू घेऊन बसली होती, ते तिच्या ओठांवरच राहिलं. तिला हळूहळू उमगलं. एकोणीस वर्षं या माणसाने पहाटे उठून एका जीवाचं पोट भरलं होतं. माझ्याशिवाय ती खाणार नाही, हीच त्याची काळजी होती आणि हाच त्याचा मान होता. घरी परत जायला त्याच्याकडे तेवढं एकच कारण उरलं होतं. ते आता आइसक्रीमच्या डब्यात पडलं होतं, आणि नेरिडाने ते हसत हसत आणून दिलं होतं.

"बिशपचा वास होता म्हणून खाल्लं," ती घाईघाईने म्हणाली. "नुसता उंदीर अजून शिवत नाही ती. तुझ्या वळणाचीच आहे. आणि मी काय, तू येईपर्यंतच बघतेय."

खिडकीबाहेर कुणीतरी गवत कापत होतं. ते यंत्र थांबल्यावर एत्तोरेने मान वळवली. त्याचे डोळे ओले होते, पण त्यात राग नव्हता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. घशातून शब्द बाहेर काढायला त्याला एवढे कष्ट पडताना नेरिडाने कधी पाहिले नव्हते. त्याने तिचं मनगट धरलं.

"तुझी," तो म्हणाला.

"नाही रे. तुझीच आहे. तू घरी—"

"तुझी." बोटं आणखी आवळली गेली. एकोणऐंशी वर्षांच्या त्या एका हातात एवढं बळ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

नेरिडाने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या निजलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि त्याला जे केव्हाचं कळलं होतं ते तिलाही कळलं.

"बरं," ती म्हणाली. "माझी."

तेव्हा कुठे त्याने तिचं मनगट सोडलं.